वाळवीने खाल्लेली पट्टी

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अडचण आली की रडायचं नाही, लिहायचं, असं तू सांगितलं होतंस. थोडं रडून झालं आहे, आता लिहिते.

गेल्या आठवड्यात चौथीला अन्नसाखळी शिकवली. बाबांनी पाठवलेला तुझा हाताने रंगवलेला तक्ता टांगला आणि तू करायचीस तसंच मुलांच्या हाती दोरी देऊन त्यांना ओळीत उभं केलं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. घार व्हायला मारामारी आणि गवत व्हायला कुणी तयार नाही. शेवटी शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी उभी राहिली. सगळे तिला बटण म्हणतात. एकेकाने मागच्याला गिळलं, घारीने पंख पसरून आरोळी ठोकली. वर्ग खूश, मीही खूश.

तेव्हापासून बटण शाळेत डबा उघडत नाही. घरीही दोन घास चिवडून उठते. आईला म्हणाली की सगळे सगळ्यांना खातात आणि शेवटी घार एकटीच उरते, मग आपण कशाला कुणाला खायचं? आई मुख्याध्यापिकाबाईंकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पदराने डोळे पुसत बसली. बाईंनी बजावलं आहे की शुक्रवारी हाच धडा पुन्हा घ्यायचा, त्या मागे बसून पाहणार. जमलं नाही तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे आणि मी कार्यालयात. आत्या, मला वर्ग सोडायचा नाही. पण त्याआधी ती पोर जेवली पाहिजे. माझं काय चुकलं?

तुझ्या मायेची आणि ओरड्याची वाट पाहणारी,
ठकी


६ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, एकदा लाल पेन घेऊन.

पोरीचं काही चुकलेलं नाही. तू शिकवलंस त्यातून जे निघतं तेच तिने काढलं. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, तिने विचार केला. असा विद्यार्थी मिळाला म्हणून आनंद मान, मग रड.

शेवटी घार उरते हे वाचून मला शंका आली. लगेच तुझ्या बाबांना फोन करून खडसावलं. माळ्यावर तक्त्याला खालून वाळवी लागली होती, म्हणून त्यांनी फूटपट्टी लावून ती कड सरळ कापली आणि तक्ता वाचवला, हे ते अजून कौतुकाने सांगतात. लहानपणी नखंसुद्धा फूटपट्टी लावून कापायचे. कापून टाकलेल्या त्या पट्टीवर मेलेली घार होती, तिच्याभोवती मुंग्या, बुरशी, गांडूळ, आणि कोपऱ्यात पालापाचोळा खाणारी वाळवी. म्हणजे वाळवीने नेमकं स्वतःचंच चित्र फस्त केलं.

तक्ता अपुरा होता हे कबूल. तुझं डोकं तर अख्खं होतं ना? घार अमर असते असं कोणत्या पुस्तकात वाचलंस?

आता पोरीला गोंजारत बसू नकोस. निसर्गाचा नियम वगैरे भाषण तर मुळीच नको, मुलांना पोकळ बोलणं लगेच कळतं. त्यांना बाहेर ने, पालापाचोळा उकरायला लाव आणि मग दोरीची दोन्ही टोकं एकत्र आण. गवत माती खातं असं मात्र म्हणालीस तर तिथे येऊन कान धरीन. गवत आपलं अन्न उन्हात स्वतः तयार करतं. मातीतून पाणी आणि क्षार घेतं.

तूही वेळेवर जेव. उपाशी मास्तरीण कुणाला जेवायला लावणार?

आशीर्वाद आहेतच, बातमी हवी.
आत्या


११ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शुक्रवार पार पडला.

मुलांना शाळेमागच्या भिंतीशी नेलं. ओल्या पानांखाली गांडुळं निघाली, एका मेलेल्या चतुर किड्याला मुंग्या ओढून नेत होत्या. किंचाळून झाल्यावर सगळे गुडघ्यांवर बसले. मग दोरी. घार ऐटीत उभी होती, तिला म्हटलं की तू म्हातारी झालीस, आता मर. तिने फार वेळ लावून प्राण सोडला. पण गांडूळ ठरवलेला मुलगा तापाने घरी, त्यामुळे घार आणि गवत यांच्यामध्ये मोकळी जागा. गांडूळ व्हायला कुणी पुढे येईना. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा खिशात ठेवला, पुढे आल्या आणि दोरी धरून विचारलं की गांडुळाने नेमकं करायचं काय? आत्या, हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली.

बटण पुन्हा गवत झाली होती, ती हसली नाही. तिने दोरीचं दुसरं टोक बाईंच्या हातात दिलं, गोल झालेली दोरी नीट पाहिली आणि विचारलं की म्हणजे घारीचंही काहीतरी गवताला मिळतं का? मी तुझे क्षार सांगितले. मग तिने विचारलं की शेवटी कोण उरतं. मी म्हटलं की शेवट कुठे आहे ते तूच शोध. तिने बोटाने दोन वेळा फेरी मारली आणि शोध सोडला.

मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. अर्धा पाव खाल्ला, कडा भिंतीशी नेऊन पुरल्या. गवताचा डबा म्हणे. मुख्याध्यापिकाबाई जाता जाता म्हणाल्या की वर्ग तुझ्याकडेच राहू दे, मात्र पुढच्या वेळी त्यांना घार व्हायचं आहे.

तुझा लोभ आणि लाल पेन, दोन्ही असू दे.
ठकी


१५ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

बरं केलंस. शेवट तिलाच शोधायला लावलास, ते मी सांगितलं नव्हतं. ते तुझं.

सोबत नवी पट्टी रंगवून पाठवते आहे. हात आता थरथरतो, त्यामुळे गांडूळ आपोआप छान जमलं. कोपऱ्यात वाळवी आहे, आणि भिंतीशी पुरलेल्या पावाच्या कडाही. त्या बटणला दाखव. बुरशीचा रंग तिला भरू दे, मी मुद्दाम कोरी ठेवली आहे.

खळीने चिकटव. आणि तुझे बाबा आले तर घरातल्या सगळ्या कात्र्या लपव.

जेवतेस ना?
आत्या