एक मिनिट पन्नास सेकंद

६ मे, मंगळवार

डाळ मिलमध्ये प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. एकोणीस पुरुष, अकरा बायका. मालक अखिलसेठना खरेदीदाराच्या तपासणीआधी सह्यांचा कागद हवा होता. सुरक्षा अधिकारी म्हणून मला निदान दहा जणांना नीट जमायला हवं होतं.

शिकवलं ते असं: माणूस पडला, तर खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? कपाळ मागे, हनुवटी वर. कान नाकाशी, नजर छातीवर. दहा सेकंद, जास्त नाही. नेहमीसारखा श्वास नसेल तर १०८ला फोन आणि छातीवर दाब सुरू. मधूनच एखादा आचका येतो, तो श्वास नव्हे.

कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी घालणं – तिन्हींवर फळ्यावर काट मारली. निवडणीच्या बायकांच्या मुकादम लताबाई म्हणाल्या, "मग चप्पल काय कामाची, मॅडम? नवऱ्यालाच दाखवायची?"

नवलभाऊ सगळ्यांत सरस. पॉलिशच्या मशीनवर आहेत, पन्नाशीचे. दहा म्हणजे दहाच सेकंद मोजतात. रबरी बाहुलीची हनुवटी इतक्या हळू उचलली की लताबाई ओरडल्या, "भाऊ, आता तिला माहेरी सोडून या!"

बायकांचा बाहुलीवरचा सराव राहिला. अखिलसेठ म्हणाले, "त्यांनी बघितलं ना? बस झालं. मशीन बंद आहे." मी सह्या घेतल्या.

८ मे, गुरुवार

४४ अंश. पिंप्राळ्यातली खोली भट्टी झाली आहे. घरी धुळ्याला फोन केला नाही.

९ मे, शुक्रवार

मंदाबाई पडल्या. निवडणीच्या शेडमध्ये, पावणेबाराला. वय एकोणचाळीस. नवलभाऊंच्या धाकट्या भावाची बायको.

मी ऑफिसात होते. लताबाई धावत आल्या – "मॅडम! नवलभाऊ म्हनतस लवकर या!" शेडमध्ये नवलभाऊ मंदाबाईंपासून दोन हातांवर उभे, बाकीचे पुरुष त्यांच्या मागे. १०८ला फोन त्यांनी लावला होता, पत्ता बरोबर सांगितला होता. फक्त हात लावला नव्हता.

बायका श्वास चालू असल्याचं सांगत होत्या, "श्वास शे ना! पदर हालस!" डाळीच्या धुळीमुळे सगळ्याच जणी पदर नाकातोंडावरून गुंडाळून बसतात. पदर हलत होता खरा – भिंतीवरच्या पंख्याने! मी पोहोचताच तपासणी केली. पदर काढला. छाती स्थिर. दाब सुरू केले.

दोन मिनिटांत दंड भरून आले. लताबाईंना शेजारी बसवलं, तिथल्या तिथे हात कुठे ठेवायचे ते दाखवलं. शटरपलीकडून नवलभाऊ मोठ्याने आकडे म्हणत होते. एकदाही चुकले नाहीत. आम्ही दोघी त्यांच्या आकड्यांवर आळीपाळीने दाबत होतो.

तेरा मिनिटांनी गाडी आली. दोन शॉक दिले. दुसऱ्यानंतर नाडी लागली.

१० मे, शनिवार

मंदाबाई व्हेंटिलेटरवर. त्यांचा नवरा रुपचंद ट्रक घेऊन सुरतेला होता, सकाळी पोहोचला. नवलभाऊंना एकच प्रश्न विचारला – "दादा, तुम्ही जवळच होते ना?"

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ठोका बिघडला होता. दाब सुरू व्हायला किती वेळ गेला, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. "साधारण दोन मिनिटं," मी म्हटलं. साधारण हा शब्द मला आवडत नाही.

१२ मे, सोमवार

अखिलसेठ सरळ मुद्द्यावर आले. "तुम्ही शिकवलं, त्याने केलं नाही. एवढंच लिहा, कामिनीजी. रिपोर्ट आला की त्याला कामावरून बंद करतो. तुमच्यावरही काही येणार नाही."

रिपोर्ट लिहायला घेतला. 'प्रशिक्षण घेऊनही कामगाराने तपासणी केली नाही. सुरक्षा अधिकारी पोहोचताच तपासणी सुरू झाली.' यात खोटं काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत नवलभाऊंना बोलावलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, बावीस वर्षं झाली तिला घरात येऊन. एका चुलीचं खातो. मी तिचं तोंड पाह्यलेलं नाही. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोच्या सावलीलाही पाय लावायचा नसतो."

"तुम्हाला सगळं येत होतं."

"येत होतं ना! मनात बठ्ठं चालू होतं – कपाळ मागे, हनुवटी वर. हात उचलेच ना." मग म्हणाले, "बाहुलीला जेठ नव्हता, मॅडम."

मी म्हटलं, अशा वेळी नातं बघायचं नसतं. त्यांनी मान हलवली. उद्यापासून काम बंद झालं तरी चालेल म्हणाले. "मुली शिकतात. पण ठीक आहे."

१३ मे, मंगळवार

रिपोर्ट अजून दिलेला नाही. मिनिटं-सेकंद नेमके हवेत, असं कारण सांगितलं. अखिलसेठ – "शनिवारपर्यंत. त्यापुढे नाही."

१४ मे, बुधवार

मंदाबाईंची नळी काढली. डोळे उघडे आहेत, पण नजर कुठेच ठरत नाही. रुपचंदभाऊंनी नावाने हाक मारली, मुलाचा फोटो दाखवला. काही नाही.

१६ मे, शुक्रवार

कामावरून सुटल्यावर दवाखान्यात गेले. डॉक्टर मंदाबाईंना विचारत होते – नाव काय? गाव कोणतं? हे कोण बसलेत? उत्तर नाही. मेंदूला किती वेळ रक्त मिळालं नाही यावर सगळं आहे, असं मला हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात नवलभाऊ भावाचा डबा घेऊन दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरूनच खाकरले.

मंदाबाईंचा उजवा हात हलला. चाचपडत गळ्यापाशी गेला. अंगात दवाखान्याचा झगा – पदर कुठला असणार! मग बोटांना चादर सापडली. ती त्यांनी कपाळावर ओढून घेतली.

"कोण आहेत हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेठ शेतस तिना," रुपचंदभाऊ एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: माणूस ओळखला.

नवलभाऊ डबा तिथेच ठेवून निघून गेले. मी निघाले तेव्हा जिन्यात बसलेले दिसले. मी थांबले नाही.

१७ मे, शनिवार

वेळा भरायला शेडमधलं सीसीटीव्हीचं चित्रण लावलं. नवलभाऊ उभे: एक मिनिट पन्नास सेकंद. मग मी आत येते. मंदाबाईंकडे जात नाही. हात करून पुरुषांना बाहेर काढते, शेवटचा गेल्यावर शटर ओढते, बायकांचा आडोसा करते. मग गुडघे टेकते, पदराला हात लावते. बेचाळीस सेकंद. मला हे आठवतच नव्हतं!

रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहिले, नावांसकट, एकाखाली एक. अखिलसेठना सांगितलं, बंद करायचं तर दोघांना करा.