लाल देठाची पानं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). तुझे गुडघे कसे आहेत? जावईबापूंनी जिन्याला कठडा बसवला का? बसवला नसेल तर हे पत्र खालीच बसून वाच. आम्ही दोघं खुशाल आहोत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी आहोत. पाकिटावरचं अक्षर नेहमीप्रमाणे हिचं असेल. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून लग्नापासून पत्रं मी लिहितो आणि पत्ते ही लिहिते, हे तुला ठाऊकच आहे.

तू हिला पाहून गेलीस त्याला तीन आठवडे झाले. ताप उतरला, पण जाताना हिच्या तोंडाची चव घेऊन गेला. दूध दिलं काय आणि खडूचं पाणी दिलं काय, हिला सारखंच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की येत्या सोमवारी वजन करू, आणि आणखी एक किलो जरी उतरलेलं दिसलं तरी पुन्हा भरती करावं लागेल. ताई, त्या वॉर्डात मी अकरा दिवस लोखंडी स्टुलावर बसून सलाइनचे थेंब मोजले आहेत. तिथे परत जायची मला फार भीती वाटते. (डॉक्टरीणबाईंसमोर मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं, माणूस धीराचा आहे.)

त्याहून भीतीची गोष्ट म्हणजे हिने नावं ठेवणं बंद केलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी चहा केला, तेव्हा हिने तो तोंडाला लावून 'कपडे कुठे भिजत घातले होते?' असं विचारलं होतं. तेव्हापासून आजवर माझ्या हातचा एकही पदार्थ हिच्या तावडीतून सुटलेला नाही. आणि आता मी काहीही पुढे ठेवलं की दोन चमचे खाते, ताटली सरकवते आणि म्हणते, 'छान आहे.' ताई, ते 'छान आहे' ऐकलं की माझे हातपाय गार पडतात.

म्हणून मी ठरवलं की रोज नवा पदार्थ करायचा. जुन्या चवी गेल्या तर गेल्या, एखादी नवी तरी लागेल. पहिल्या दिवशी कुकरमध्ये भाज्यांचं सूप लावलं. आता तू हसशील, की तीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासणारा माणूस घरच्या कुकरला घाबरतो. पण वाफ काय करू शकते हे मी भिंतींना पडलेल्या भोकांवरून पाहिलं आहे. ज्यांनी पाहिलं नाही तेच कुकरशेजारी उभं राहून गप्पा मारतात. मी व्हॉल्व्ह तपासला, तारीख घालून कागदावर सही केली, हिला शाल पांघरून बाहेर जिन्यात बसवलं आणि स्वतः कपाटाआड उभा राहिलो. पहिली शिट्टी झाली आणि गॅस बंद करायला पुढे कोण जाणार हे ठरलेलंच नव्हतं असं लक्षात आलं. सूप तळाला लागलं, पातेलीसकट. त्यातलं वरचं दोन चमचे घेऊन ही म्हणाली, छान आहे. दुसऱ्या दिवशी मॅकरोनी केली. ती इतकी घट्ट झाली की वाडगं उलटं केलं तरी खाली येईना. तीही छान होती.

शेवटी शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी मासिकातलं एक कात्रण आणून दिलं. उन्हाळी सॅलड. काकडी, टोमॅटो, कांदा, कलिंगडाच्या फोडी, पुदिन्याची पानं, मीठ, लिंबू. त्यात लिहिलं होतं, 'आच नको, वाफ नको.' हे वाचून मला त्या लेखिकेबद्दल आदर वाटला. कात्रणावरून मी कलमवार यादी केली आणि प्रत्येक कलमापुढे खुणेसाठी चौकट आखली. कांदा डोळ्यांना झोंबू नये म्हणून भट्टीत डोकावताना लावायचो तो निळा चष्मा पेटीतून काढला. त्यातून सगळं निळं दिसतं, पण रडू येत नाही.

काकडी चिरली, तिला मीठ लावलं, कांदा हातात घेतला आणि दारावरची घंटा वाजली. पाण्याचं मीटर वाचणारा आला होता. (निळ्या चष्म्यातला, हातात सुरी घेतलेला माणूस पाहून त्याने दोन पायऱ्या खालूनच आकडा सांगा म्हटलं.) परत आलो ते आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे. तपासणी मध्येच थांबली तर यादी पुन्हा पहिल्या कलमापासून सुरू करायची, त्यात सूट नाही. चिरलेली काकडी पुन्हा चिरता येत नाही म्हणून तिथे नुसती खूण केली, बाकी जिथे काही घालायचं होतं तिथे घातलं. लिंबू मात्र अर्धंच पिळलं, कारण आम्ल धातू खातं आणि वाडगं स्टीलचं होतं. पुदिना गच्चीतल्या एक नंबरच्या जागेवरच्या कुंडीतून तोडला, खळखळून धुतला आणि वर पसरला.

ताई, काय सांगू, हिने पहिला घास घेतला आणि थांबली. मग दुसरा घेतला. मग तिसरा. ताटलीवरून मान म्हणून वर केली नाही. मी चमचा हातात घेऊन तसाच बघत राहिलो. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हिचा चेहरा निळा पडला आहे.

मी ओरडणार होतो, पण चष्मा आठवला. तो काढला. हिचा चेहरा ठीक होता. मग माझी नजर ताटलीत गेली. त्यात उरलेलं शेवटचं पान लांबट होतं आणि त्याला लाल देठ होता. पुदिन्याला लाल देठ नसतो, एवढं मलाही कळतं. आमच्या खात्यात लाल रंगाचा एकच अर्थ. मी हात पुढे करीपर्यंत तेही पान पोटात गेलं.

धावत गच्चीत गेलो. उन्हासाठी हिने कुंड्या फिरवल्या होत्या. पुदिना दोन नंबरवर होता, आणि एक नंबरवर तू येताना आणलेली कुंडी होती. आत येऊन पाहतो तर ही एकामागून एक तीन ग्लास पाणी पीत होती. तहान. मी घरातलं प्रथमोपचाराचं पुस्तक काढलं, तर त्यात विषबाधेच्या पानावर पहिलंच लक्षण, तहान. नंतर ही आडवी झाली आणि तिला झोप लागली. दुसरं लक्षण, गुंगी. मी कॉटशेजारी बसून मनगट धरलं आणि घड्याळ लावून नाडी मोजली. बहात्तर. दहा मिनिटांनी पुन्हा मोजली. पाचव्या खेपेला हिने डोळे न उघडता विचारलं, 'माझ्या मनगटात काही हरवलंय का तुमचं?'

हिला सांगायचा धीर होत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताटली रिकामी झाली, आणि मी जाऊन सांगू की जे तू इतक्या आवडीने खाल्लंस ते काय होतं हे मला माहीत नाही? मी गच्चीत गेलो आणि त्या रोपावर उरलेली पाच पानं तशीच, कच्ची, उभ्या उभ्या खाऊन टाकली. जे काही व्हायचं ते दोघांना मिळून होऊ दे, असा विचार केला. मातीसारखी लागली. (आता कुणाला दाखवायला एक पानही शिल्लक नाही, हे नंतर सुचलं.)

असो. पत्र नुसतं खुशालीचं आहे, काळजी करू नकोस. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तू आणलेल्या त्या कुंडीत काय लावलं होतंस? फोनवर विचारलं असतं, पण फोन हिच्या उशाशी आहे आणि तुला नीट ऐकू येत नाही. 'विषारी आहे का' हे मला तीनदा ओरडावं लागलं असतं.

ता. क. दुसरा. यातलं एक अक्षरही हिला कळता कामा नये. टपाल हीच उघडते, तेव्हा उत्तर आडून लिही. ते रोप खाण्यासारखं असेल तर 'गुडघे बरे आहेत' असं लिही. नसेल तर 'गुडघे फार दुखतात'. पत्र संपलं. आता हे नेहमीच्या जागी, हिच्या टेबलावर ठेवतो आणि तिकीट आणायला जातो.

वन्संना नमस्कार.

पत्ता लिहायला घेतलं तर पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. तुम्ही लावलेलं ते बीट आहे हे यांना मी अजून सांगितलेलं नाही. मनगट धरून बसतात, बसू देत दोन दिवस. सोमवारनंतर तुमचे गुडघे बरे असल्याचं कळवा.

त्या काकडीला यांनी दोनदा मीठ लावलं होतं. पहिलाच घास मला खारट लागला. खरं वाटेना म्हणून दुसरा घेतला, तोही खारट. वन्सं, दीड महिन्यात मला पहिल्यांदा काहीतरी लागलं, मग थांबवेना. शेवटपर्यंत खारटच होतं. घशाला कोरड पडली, पण सोडलं नाही.

यांना आज सांगणार आहे, की मीठ जास्त झालं होतं, कांदा जाड चिरला होता, आणि लिंबू कमी पडलं.