सईची टीम आपल्या गटात?

शुक्रवार, ऑगस्ट २०२१, क्वेकर्स हिल, सिडनी

कोविडमुळे राज्यांच्या बॉर्डर बंद, त्यामुळे आमची सई अ‍ॅडलेडच्या युनीतच, म्हणजे युनिव्हर्सिटीतच, अडकलीय. तिथे हॉकी खेळते. पुढच्या सीझनला युनींचे गट बदलणार, तिची टीम सिडनीच्या गटात येणार, म्हणजे मॅच खेळायला ती इकडे येणार, अशी अफवा आहे. नुसती अफवा! पण ह्यांनी, जन्मात हॉकी न पाहिलेल्या माणसाने, आज गॅरेजमधली फोल्डिंगची खुर्ची धुऊन उन्हात ठेवली. मॅचला लागेल म्हणे.

सई फोनवर हसली. "बाबा, अजून काहीच ठरलं नाहीये. आणि मी तर बेंचवरच असते."

"मग बेंचजवळ बसेन."

मी चिडले. उगाच कशाला आशा लावून घ्यायची? पण ती ओली खुर्ची काही डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी गॅरेजमध्ये गेले आणि माझीही काढून धुतली.