बहुपदी, समोरच्या खुर्चीतून

हौगांग, सिंगापूर
४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. नंदाताईंना अश्लेषाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर गार्गी ऐकते, म्हणून हे पत्र. तुमचा भाऊ बोटीवर वारला त्याला आता वर्ष होईल. पण आमच्या जेवणाच्या टेबलापाशी सारंग अजून बसतो की काय, अशी मला भीती वाटायला लागली आहे. गार्गीला शाळेत बहुपदीचे अवयव पाडायचे असतात. गणित झालं, की ती कागद फिरवून त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवते आणि बघत बसते. मग ओढून घेते आणि बरोब्बर चुकलेलं चिन्ह खोडते! विचारलं, तर म्हणे बाबा चेक करतो, लाह (इथल्या पोरांसारखं हे ‘लाह’ शेपटाला लावते). ताई, अंगावर सर्रकन काटा आला.

मी स्वयंपाकघराच्या दारातूनच बघते, जवळ जायचं धाडस होत नाही. त्या खुर्चीत मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही. आता वाटतं, टाकूनच द्यावी. नाहीतर पोर हातची जाईल हो. लोभ आहेच, थोडा धीरही द्या.

तुमची अश्लेषा


सांगली
१६ ऑगस्ट २०२५

चि. अश्लेषाला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. वेडाबाई, खुर्ची टाकू नकोस! लहानपणी मी आणि सारंग समोरासमोर बसायचो. कागद समोरच्याकडे फिरवायचा आणि आपलं गणित आपण उलटं वाचायचं, ही आमच्या आप्पांची शिस्त. सरळ वाचलं की आपण मनातलंच वाचतो, उलटं वाचताना कागदावरचं दिसतं. सारंगने लेकीलाही तेच शिकवलं असणार. चूक तिची तीच शोधते, भूतबीत काही नाही गं.

पण ती त्याची वाट बघते, हे खरं. तू त्या खुर्चीत बस. गणित येत नसलं तरी बस. आणि मनातलं अशीच लिहीत जा.

तुझी नंदाताई


हौगांग, सिंगापूर
२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. नंदाताईंना सा. न.

काल बसले. खुर्ची कोमट लागली. खिडकीतल्या उन्हाने असेल. गार्गीने कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, की अवयव एक्स वजा एक असला, की बाबा एक्सच्या जागी एक घालायचा आणि शून्य येतं का बघायचा. मी घातला. शून्य काही येईना. चुकलंय म्हटलं, तर खुदकन हसली. अकराच्या आधी अधिक हवं होतं, तिने वजा लिहिलं होतं.

तिथून मी पहिल्यांदाच समोर पाहिलं. गार्गीच्या शेजारची माझी खुर्ची रिकामी होती. मी वर्षभर दारातच उभी होते, ताई. पोर दोन रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून गणितं सोडवत होती.

आम्हा दोघींवर माया असू द्या.

तुमची अश्लेषा