बिनबुचाची चित्रं

१२ नोव्हेंबर
अहमदपूरला चित्रकलेचा मास्तर म्हणून रुजू झालो. घरमालकीण धुरपताबाईंनी गरम भाकरी पुढे ठेवली आणि घर आपलंच हाय, बिनघोर ऱ्हावा, असं बजावलं. खिडकीतून बालाघाटचे डोंगर दिसतात. नांदेडात खोलीत बसून, फोटो बघून डोंगर काढले. आता समोर बसून तैलरंगात काढणार. फार आनंदात आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुलींच्या शाळेतल्या मंजुश्री मॅडमही उघड्यावर चित्रं काढतात. आज एसटीने बरोबरच गेलो. दोघांपुढे एकच डोंगर, एकच ऊन. माझा डोंगर शेणाच्या ढिगासारखा झाला. त्यांच्या डोंगरावरून नजर हटेना. शेळ्या घेऊन आलेला व्यंकटी त्यांच्या मागेच उभा राहिला. डोंगर कसा तापून राहिलाय, म्हणाला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज तर मंजुश्रीचं चित्र बघवेना. तैलरंग लवकर वाळत नाहीत, म्हणून दोन ओली चित्रं समोरासमोर धरून चिकटू नयेत म्हणून मध्ये बुचाचे तुकडे घालतात आणि त्यांचं बिंडं बांधतात. परतताना ते बिंडं माझ्या मांडीवर होतं. ती खिडकीशी पेंगत होती. मी बुचं काढून फेकली आणि बिंडं छातीशी घट्ट दाबलं. माझंही चित्र जाणार होतं, जाऊ दे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर
तिच्या शाळेत बिंडं उघडलं. तिच्या चित्राला काहीच झालेलं नाही. माझा कॅनव्हास कोरा. आणि तिच्या डोंगराच्या पायथ्याशी बोटभर माणूस उभा आहे. माझाच चौकड्याचा शर्ट. तिला वाटलं, मीच गमतीने काढला. हसली.

२७ नोव्हेंबर
खडू फळ्यावर उमटत नाही. पोरं हसली. अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो. भिंतीला हात टेकला तर कातडीच्या रंगाचा ओला डाग राहिला. हाताचा रंग तेवढा फिका —

२९ नोव्हेंबर
धुरपताबाई शेजारणीला विचारत होत्या, मास्तर न सांगता गावाला गेले का. मी समोरच उभा होतो.
तिच्या शाळेत जाऊन पाहिलं, चित्रातल्या माणसाला आता माझं नाक आलंय. खरं सांगतो, भीतीआधी त्याचाच हेवा वाटला. तो तिच्या उन्हात उभा आहे.

३० नोव्हेंबर
तिच्या डोंगराच्या पायथ्याशी आलो. की आणलं — कळत नाही. ऊन तिचं आहे. हाक मारली, ऐकू जात नाही.
इथून डोंगर काय सुंदर दिसतो. माझ्याने जन्मात —
ती चित्रापासून मागे सरून बघतेय. व्यंकटी म्हणतोय, माणूस लई आडवा येऊन राहिलाय, बाई. हाव, म्हणाली. रंगाची सुरी उचलली —
पायांपासून खरवडतेय. दुखत नाही, नुसतं — नाहीत. पाय नाहीत.
खरवडलं तिथं लगेच गवत भरतेय. माझ्या पायांपेक्षा ते गवतच चांगलं जम