कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप

कोल्हार,
१२ मार्च १९९८

प्रिय प्रज्ञा,

भिंगारला तुझा कॉम्प्युटर क्लास सुरू झाला, हे कळल्यावर इतका आनंद झाला, आणि खरं सांगू, हेवाही वाटला. माझं लग्न ठरताना मी नोकरीचा विषय काढला, तेव्हा हर्षल म्हणाला होता की बाहेर कशाला, घरातच कॉम्प्युटर घेऊ. तुझ्यासमोर मी काय भाव खाल्ला होता गं! आता कळतं, तो कॉम्प्युटर मला घराबाहेर पडू न देण्यासाठी आला होता.

सासूबाईंनी त्याला लेस लावलेलं झाकण शिवलं, वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. हर्षलने त्यांना एकदा सांगितलं होतं की याला व्हायरस लागतो, म्हणजे एक रोगच. झालं! तेव्हापासून देवघराचे सगळे नियम त्या खोलीला लागू झाले. महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसते, तेव्हा तिथे पाऊल टाकायचं नाही. रोग बाहेरच्या फ्लॉपीतून येतो, बाईतून नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

गेल्या महिन्यात हायस्कूलच्या सहादेव सरांना प्रश्नपत्रिका तातडीने टाइप करून हव्या होत्या आणि मी नेमकी बाजूला. सासूबाई शेतावर गेल्या तशी मी जाऊन बसले. त्या लवकर परतल्या आणि मला पाहिलंच. संध्याकाळी हर्षल कारखान्यातल्या मित्राकडून मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची फ्लॉपी घेऊन आला. मी ओसरीवरून ओरडून सांगितलं की आधी तपासून घे. त्याने हसून ती तशीच घातली. सकाळी मशीन सुरूच होईना. प्रश्नपत्रिका गेल्या, सगळंच गेलं.

सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू हात लावला म्हनूनच त्याला रोग झाला. दुसरं काय बी न्हाई." मी हर्षलकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. तो चहा पीत राहिला. नंतर खोलीत मला म्हणाला, "आईला कुठं समजावत बसू? तू जरा ऐकून घे, मिटेल."

प्रज्ञा, त्या फ्लॉपीचा मला राग नाही. त्या चहाचा आहे.

श्रीरामपूरहून माणूस आला, त्याने सगळं पुसून नव्याने भरलं, व्हायरस पकडणारा प्रोग्रॅमही टाकला. सासूबाईंनी खोलीत गोमूत्र शिंपडलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. हर्षलला हवी तेव्हा मिळते. तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की आमचं मशीन आता अगदी सुरक्षित आहे. कुणापासून, ते कुणी विचारत नाही. मी भाकरी थापत ऐकत असते.

तुला शिकवायला माणूस हवंय असं तू लिहिलं होतंस. दुसरं कुणी ठेवू नकोस, मी येतेय. राहायची सोय काही दिवस तुझ्याकडेच कर. पुढच्या सोमवारी मी बाजूला असेन. त्या दिवशी मला स्वयंपाकाला कुणी हाक मारत नाही, कुणी शिवत नाही, जेवणाचं ताट येईपर्यंत मी आहे की नाही हेही कुणी बघत नाही. तोवर माझी एसटी तुझ्या नगरला पोचलेली असेल.

तुझीच,
अशू