रेवाच्या मावशीस

भुसावळ,
१२ मे २०२५

चि. सौ. मयुरीस,
अनेक आशीर्वाद. जेवण वेळेवर घेत असशील. इथे ऊन असं की दुपारी कूलरही गरम हवा फेकतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

रेवा बरी आहे. म्हणजे काल दोनदाच झटके आले. दीड वर्षाची झाली, अजून मान धरत नाही. पण परवा माझ्या बांगड्यांच्या आवाजाकडे वळली. नक्की वळली. हे म्हणतात, तुला भास झाला.

जळगावच्या डॉक्टर मॅडमनी तपासणीचा निकाल सांगितला. मेंदूच्या पेशी वाढताना, एकमेकींना जोडल्या जाताना कायनेज नावाचं एक एन्झाइम लागतं. ते इतर प्रथिनांवर खूण चिकटवतं, मग ती कामाला लागतात. रेवाच्या जनुकातच बिघाड आहे, त्यामुळे तिचं ते एन्झाइम काम करत नाही.

मी विचारलं, "माझ्याकडून आलं का?"

"नाही. तुम्हा दोघांचं रक्त तपासलं. हा बदल तिच्यातच नव्याने झालाय. कुणामुळेच नाही."

हलकं वाटायला हवं होतं ना? मी मात्र बाहेर बाकावर बसून खूप रडले. कुणामुळेच नाही, तर मग भांडू कुणाशी?

अगं, पुढचं लिहायचं नव्हतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी रेवाला घेऊन आईकडे पहूरला पोचले, तेव्हा तुझ्या ताटात सांजोरी अर्धी खाऊन ठेवलेली होती. आई म्हणाली, जावईबापूंना घाई होती, आत्ताच गेले दोघं. मग संध्याकाळी तिनेच खरं सांगितलं. तुला पाचवा महिना, आणि धुळ्याहून निघताना तुझ्या सासूबाईंनी तुला बजावलं होतं, "तिले मांडीवर नको लेऊ." त्यांचा मला राग नाही. तू ऐकलंस, त्याचा आहे.

तरी मी मॅडमना तुझंही विचारलं. त्या म्हणाल्या, बहिणीच्या बाळाला यामुळे वेगळा धोका नाही. चारचौघींच्या बाळाला असतो तेवढाच. आणि मांडीवर घेतल्याने काही होतं, हे ऐकून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सासूबाईंना हे वाचून दाखव. तू नीट झोपत नाहीस असं आई म्हणते. झोप आता.

रविवारी मी धुळ्याला येतेय. एकटी नाही. दार तू स्वतः उघड.

तुझी ताई,
आणि रेवाची आई,
मोहिनी